कधीमधी पडणारा दाणा

"आधी हात बाहेर काढा," दारातून कुणीतरी म्हणालं.

काढता आला असता तर तिनं तो केव्हाच काढला असता. उजवा हात मनगटापर्यंत यंत्राच्या पोटात, गुडघे फरशीवर, केसांत भुसा आणि डाव्या खांद्यावर एक पांढरीशुभ्र उंदरीण... अशा थाटात ती पहिल्यांदा त्याच्या नजरेस पडली. पहिली भेट याहून बरी व्हावी असं कुणालाही वाटेल, पण आपल्याला विचारतो कोण!

तो आत आला. हातात हत्यारांची पत्र्याची पेटी. तिचं झाकण सैल, पाऊल टाकलं की खुळखुळणारं. तिच्या शेजारी गुडघे टेकून त्यानं एक स्क्रू सैल केला आणि तिचं मनगट दोन बोटांत अलगद धरून बाहेर काढलं.

"दुखलं?"

"छे."

"मग डोळ्यांत पाणी?"

"भुसा गेलाय."

भुसा गेला होता हे खरंच. पण मनगट त्यानं जरा उशिरा सोडलं, हेही तितकंच खरं.

तिसऱ्या मजल्यावरच्या या प्रयोगशाळेत ती डॉक्टरेटसाठी भुकेचा अभ्यास करत होती. सगळी इमारत तिला उंदीरवाली म्हणायची आणि तिला त्याचं काही वाटत नसे. प्रत्येक पिंजऱ्यात एक बटण. उंदरानं बटण दाबलं की यंत्रात 'टक्' असा आवाज व्हायचा आणि वाटीत एक दाणा पडायचा. पहिल्या गटातल्या उंदरांना दर वेळी दाणा, दुसऱ्या गटातल्यांना कधीमधी. कोण किती वेळा बटण दाबतो, ते मोजायचं. यातलं पहिल्या गटातल्या सातव्या पिंजऱ्याचं यंत्र अडकलं होतं आणि खांद्यावर बसलेली सातवी त्यामुळे रागावलेली होती.

"हिला उपाशी ठेवता?" मेकॅनिकनं विचारलं. तक्रार उंदरिणीच्या बाजूनं होती.

"थोडीशी भुकेली. रोज वजन करून. पोट तुडुंब असलं तर बटणाकडे कोण बघतंय?"

"आणि दाणा मिळाला की बाईसाहेब खूश."

"गंमत तीच तर आहे. ती खूश होते ती खाताना नाही, 'टक्' ऐकल्यावर. मेंदूतलं एक रसायन तेव्हा उसळी मारतं. प्रत्यक्ष खाताना ते गप्प."

"म्हणजे सहलीपेक्षा सहलीची आदली रात्र."

ती बघतच राहिली. हेच सांगायला तिनं तिच्या मार्गदर्शक बाईंचा अर्धा तास घेतला होता.

"आणि कधी मिळतोय, कधी नाही, असं असलं तर?"

"मग विचारूच नका. मग ते रसायन थांबायचं नाव घेत नाही. उंदीर खुळ्यासारखे बटण दाबत सुटतात."

"बिचारे," तो म्हणाला आणि सातवीच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "झालं तुमचं काम. पुन्हा अडकलंच तर... बोलवा."

त्या 'तर'नंतर तो जरा थांबला होता. ते थांबणं तिच्या कानांनी नेमकं टिपलं.

यंत्र अडकलं, आणि नुसतं अडकलं नाही तर लहरीपणानं अडकलं. कधी चार दिवसांनी, कधी दुसऱ्याच दिवशी, मग एकदा तब्बल अकरा दिवस अगदी शहाण्यासारखं चाललं. त्या अकरा दिवसांत उंदीरवालीनं यंत्राला मनातल्या मनात काय काय ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तो यायचा. बिघाड पाच मिनिटांचा, मुक्काम पाऊण तासाचा.

"जेवलात?"

"वेळच नाही झाला."

"उंदरांना मोजून देता आणि स्वतःला विसरता?"

"तुम्ही यंत्र बघा."

"बघतोय की. यंत्राला एवढी चांगली हसणारी मालकीण मिळालीय, तरी रुसतं."

"मी हसले नाही."

"आता हसलात."

हसली होती, इलाज नव्हता. जिन्यात काही खुळखुळलं की तिचा हात आपोआप केसांकडे जायचा. कधी ती पेटी निघायची, कधी सफाईवाल्या मावशींची बादली. डबा दुपारभर तसाच पडून राहायचा, कारण तो जेवणाच्या सुट्टीत येण्याची शक्यता असायची. संध्याकाळी तोच डबा धुताना ती स्वतःवर चिडायची आणि सकाळी पुन्हा नवा कुर्ता घालून यायची.

सहा आठवडे झाले आणि एका दुपारी तिनं सगळे आकडे कागदावर मांडले. पहिल्या गटातले उंदीर कसे, तर दाबलं, खाल्लं, झोपले. त्यांची रेघ आळशी असायला हवी होती. सातवीची रेघ मात्र जिना चढल्यासारखी वर वर चालली होती, हुबेहूब दुसऱ्या गटासारखी. कारण उघड होतं. सातवीला दर वेळी दाणा मिळायला हवा होता, पण अडकणाऱ्या यंत्रानं तिला कधीमधीची चटक लावली होती.

"वेडाबाई," ती सातवीला म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं दाराकडे पाहिलं.

मग ती थबकली. या तासाभरात आपण दाराकडे कितीदा पाहिलं? तिनं मोजायला सुरुवात केली. ती शास्त्रज्ञ होती, मोजल्याशिवाय तिला राहवेना. संध्याकाळपर्यंत सातवीच्या रेघेशेजारी तिनं पेन्सिलीनं दुसरी रेघ काढली. ती तिची स्वतःची होती आणि सातवीच्या रेघेहून चढी होती.

तिला आईची आठवण झाली. बाबा जहाजावर कामाला असत. कधी महिन्यानं यायचे, कधी पाच महिन्यांनी, न कळवता. आईचा एक कान सदैव फाटकापाशी. फाटक वाजलं की आई गॅसवरचं सोडून धावायची, आणि बहुतेक वेळा तो पेपरवाला असायचा. बारा वर्षांची असताना तिनं स्वतःशी ठरवलं होतं, आपण असं कुणासाठी झुरायचं नाही. आणि आता ही पेन्सिलीची रेघ!

तिनं ओठ घट्ट मिटले, टेबलाच्या खणातून पाना आणि स्क्रूड्रायव्हर काढला आणि सातव्या पिंजऱ्याचं यंत्र स्वतःच उघडलं. दोन तास लागले. नख मोडलं. आतली स्प्रिंग झिजलेली होती आणि तिच्याखाली पुठ्ठ्याची एक घडी घालून ठेवलेली होती, चार दिवस तग धरेल एवढीच.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला बोलावलं. तो आला, हसत. तिनं पुठ्ठ्याची घडी टेबलावर ठेवली आणि त्याचं हसू मावळलं.

"स्प्रिंग बदलायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं."

"नवी स्प्रिंग नव्हती तुमच्याकडे?"

"होती. पहिल्या दिवसापासून पेटीतच आहे."

"मग?"

त्यानं मान खाली घातली. "बदलली असती तर तुम्ही परत बोलावलं नसतं..."

दुसरी कुणी असती तर इथं विरघळली असती. हिचंही काळीज टुणकन उडालं, खोटं कशाला बोला. तिनं त्याला उडू दिलं, खाली येऊ दिलं आणि मग कागद त्याच्यापुढे सरकवला.

"ही सातवीची रेघ. तुमच्या पुठ्ठ्यापायी माझे सहा आठवडे पाण्यात गेले. हा सगळा गट मला पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "देवाशपथ, मला वाटलं नुसता दाणा अडकतोय. मला माहीत नव्हतं." मग त्याचं बोट पेन्सिलीच्या रेघेवर थांबलं. "आणि ही कुणाची?"

"माझी. दाराकडे कितीदा बघते, त्याची."

त्यानं बोट त्या रेघेवरून पार वरच्या टोकापर्यंत नेलं.

"हेही माहीत नव्हतं?" तिनं विचारलं.

"असावं असं वाटायचं. एवढी चढी असेल, हे माहीत नव्हतं."

"स्प्रिंग बसवा आणि जा. मला विचार करायचाय. तोही भरल्या पोटी."

हे ती चिडून म्हणाली नव्हती. भुकेल्या उंदराला सगळंच हवं असतं, हे तिच्याइतकं कोण जाणत होतं? पोट रिकामं असलं की मेंदू कशालाही भुलतो. तेव्हा ती घरी गेली आणि पोटभर जेवली. दोनदा वाढून घेतलं, वर एक केळं खाल्लं. मग हात धुऊन, डोळे मिटून, तिनं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. तो अजूनही हवा होता. चांगलाच हवा होता.

"आई," ती म्हणाली, "तुला बाबांची वाट बघायला आवडायचं?"

बैठकीत बाबा रेडिओचा आवाज मोठा करून झोपले होते. आईनं तिकडे एक कटाक्ष टाकला.

"आवडायचं? डोंबल! मला तो माणूस आवडायचा गं. वाट बघणं म्हणजे नुसता भोग." मग ती हळूच हसली. "आता रोज डोळ्यांसमोर असतात. रोज भांडतो. पण रात्री डोकं टेकलं की झोप लागते बघ मला. तीस वर्षं अशी लागली नव्हती."

उंदीरवालीनं तिथूनच फोन लावला.

"दोन अटी आहेत," ती म्हणाली. "प्रयोग पुन्हा होईल. सहा आठवडे, रोज सकाळी आठला यायचं. पिंजरे साफ करायचे, उंदरांची वजनं घ्यायची. तुमच्या कामावर जायच्या आधी."

"येतो. आणि दुसरी?"

"रोज म्हणजे रोज. मधेच गायब व्हायचं, मग एकदम उगवायचं, असलं चालणार नाही. जमणार नसेल तर आताच सांग. मी रडणार नाही."

तिच्या तोंडून 'सांग' निघून गेलं होतं. दोघांनाही ते कळलं.

"रोज आलो तर..." तो अडखळला. "तुझ्याच हिशेबानं, नक्की मिळणार असलं की ते रसायन फारशा उड्या मारत नाही. मग कंटाळशील माझा."

"बघू. मोजून बघू."

तो आला. पहिल्या दिवशी आठला पाच कमी असताना, कुठं उशीर व्हायला नको म्हणून. त्याला वजनकाटा वाचता येईना आणि एका उंदरानं त्याला कडकडून चावलं. त्यानं हूं की चूं केलं नाही. सातवी आता प्रयोगातून निवृत्त होऊन खिडकीजवळच्या मोठ्या पिंजऱ्यात ऐसपैस राहत होती आणि बटण विसरायला तिला बरेच दिवस लागले. पहिला आठवडा उंदीरवालीचं काळीज जिन्यातल्या प्रत्येक खुळखुळीला उडायचं. दुसऱ्यात थोडं कमी. तिसऱ्या आठवड्यात ते दोघं पिंजरे झाले की खिडकीत बसून चहा पीत, आणि ती डबा वेळेवर खाऊ लागली. कधी भुसा कोणी सांडला यावरून कडाक्याचं भांडण व्हायचं. दुसऱ्या दिवशी आठला तो हजर, गाल फुगवून का होईना, पण हजर.

सहाव्या आठवड्यातल्या एका सकाळी तो आत आला तेव्हा ती वहीत आकडे लिहीत होती. त्यानं पेटी ठेवली, बाह्या वर केल्या, पहिला पिंजरा उघडला. तरी तिची मान वर झाली नाही.

"मी आलोय," तो शेवटी म्हणाला.

"अगंबाई!" तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे मोठे करून त्याच्याकडे पाहिलं. "आज मी एकदाही दाराकडे बघितलं नाही."

हातातली भुशाची पिशवी तशीच धरून तो उभा राहिला. चेहरा असा, की कुणी त्याच्या हाती निकाल दिलाय आणि तो उघडायला धजत नाहीये.

"म्हणजे... संपलं?"

ती उठली. त्याच्याजवळ गेली, पिशवी काढून घेऊन बाजूला ठेवली आणि त्याचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "तू येणार, हे मला माहीत होतं."