चौथी करवंटी

पेडण्याच्या बाजारात कापडाच्या दुकानाच्या माडीवर शालिनीचा कॉम्प्युटरचा वर्ग भरायचा. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. कचेऱ्यांत यंत्रं येणार म्हणून नोकरदार मंडळी दुपारची शिकायला येत, आणि वीज मात्र स्वतःच्या मर्जीने येई. एप्रिलच्या त्या दुपारीही पंखा थांबला, कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. खिडकीतून पिकल्या काजूबोंडांचा डोक्यात चढणारा वास येत होता. सगळ्यांचे डोळे जड झाले.

"झोपू नका. आज आपणच यंत्र होऊ," शालिनी म्हणाली.

तिने चार खुर्च्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीवर एक करवंटी. ही यंत्राची स्मृती. करवंटीत काजूची बी असली तर एक, नसली तर शून्य. पंचायतीतला दत्ताराम हुकूम वाचणार, शिवणकाम करणारी सुलोचना बेरीज करणार, आणि निवृत्त कंडक्टर बाबली बिया इकडून तिकडे नेणार. शालिनीच्या टाळीवर एकेक पाऊल.

"बी उचलली की जागा कोरी होते. यंत्र ते विसरतं. म्हणून वाचून झालं की बी परत ठेवायची. जुन्या यंत्रांत असंच करावं लागे."

चौथी करवंटी उत्तरासाठी रिकामी होती.

टाळ्या सुरू झाल्या. बाबली जाई, येई. बघता बघता त्याला लय सापडली, सुलोचना पेंगत पेंगत अचूक बेरीज करू लागली. कुणालाच पूर्ण हिशेब ठाऊक नव्हता, तरी हिशेब होत होता. शालिनीला हे फार आवडायचं.

मग बाबली चौथ्या खुर्चीवरून बी घेऊन आला.

"ती कोणी ठेवली?" तिने विचारलं.

"थंय आसली, टीचर." बाबलीने त्याच करवंटीकडे बोट दाखवलं.

तिने करवंटी स्वतः उपडी करून दाखवली. पुन्हा टाळी. बाबलीने पुन्हा बी आणली. कुणी हसलं नाही. खाली रस्त्यावर एकही मोटरसायकल वाजत नव्हती.

"टीचर," सुलोचना हळूच म्हणाली, "हो देवाचो कौल. मनातलें विचारून घे."

कौलाचं नाव निघताच शालिनीने टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले. तिचा नवरा मधुकर डिचोलीहून खनिज घेऊन नदीतून मुरगावला जाणाऱ्या बार्जवर, सपाट मालबोटीवर, कामाला होता. गेल्या चतुर्थीच्या आधी बार्ज परतली, तो परतला नाही. तो पडताना कुणी पाहिला नव्हता. सासूबाई जानकी रोज म्हणायच्या, देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावू या, उजवी पडली तर तो आहे, डावी पडली तर नाही. शालिनी शिकलेली, ती कसली मानते. खरं म्हणजे डावी पडेल याची तिला भीती वाटत होती.

तिने करवंटी पुसून रिकामी ठेवली. 'मधुकर आहे का?' मनातच विचारलं आणि टाळी वाजवली.

बाबली गेला. डोळे अर्धे मिटलेले. परतला तेव्हा तळहातावर बी होती.

शालिनीला रडू आलं. देवळात पडलेली पाकळी प्रसाद म्हणून जपतात, तशी तिने ती बी पदराच्या टोकाला बांधली.

दत्तारामने पुढचा हुकूम वाचला: बी परत ठेवा. "टीचर, ती परत दवरूंक जाय."

"राहू दे आज," ती म्हणाली.

पंखा फिरू लागला. सगळे डोळे चोळत उठले. घरी जाताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि आपल्याशीच हसत राहिली.

जानकी अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता.

"आई, तो आहे. मला कळलं."

जानकींनी हात पुसले.

"कोण आसा?"

"तुमचा मुलगा."

"म्हाका खंयचो पूत गो?" त्या मायेने हसल्या. "घर चुकलंस काय? उन्हातून आयलीस, बस हांगा. पाणी हाडतां."

शालिनी बसली, हात पदरातल्या बीकडे गेला; ती परत ठेवायची राहिली होती.

त्या तांब्या घेऊन आल्या, शेजारी टेकल्या. पाहुणीला विचारावं तसं नवऱ्याचं नाव विचारलं, "कोणाची गो तू, बाये? घोवाचें नांव कितें?"

शालिनीने सांगायला तोंड उघडलं. 'म' म्हणायला ओठ एकमेकांवर टेकले.

पुढचं काही येईना.