कोरी करकरीत

आकागी डोंगरावरून सुटलेला कोरडा वारा शेडचे पत्रे वाजवत होता आणि दलाल तादोकोरो जमिनीवर उताणा होऊन गाडीच्या पोटाखाली टॉर्च मारत होता. कोगुरे इवाओ दारात उभा राहून त्याची गंमत बघत होता. कोगुरेचं वय सदुसष्ट. सगळी नोकरी वाहन तपासणीच्या केंद्रात गेलेली, त्यामुळे गाडी कुठे बघायची आणि दलालाचा चेहरा कुठे बघायचा, दोन्ही त्याला पाठ होतं.

"कोगुरेसाहेब, कसली जपलीय हो ही लेक!" तादोकोरो कपडे झटकत उठला. "नवी केवढ्याला घेतली होतीत?"

"एकोणचाळीस लाख येन. बायको महिनाभर बोलत नव्हती."

"आणि मधे कोणी मागितली?"

"तुझ्याच जातीचा एक आला होता, बारा-पंधरा वर्षांमागे. सहा लाख म्हणाला. वर म्हणतो, पेट्रोल पिणारं धूड, नेतोय हेच उपकार समजा."

तादोकोरो खो खो हसला. "आता अमेरिकेतले लोक रांगा लावून उभेत. नव्वदीतली, दोन दारांची, टर्बोची, तीही लाल! एक कोटी वीस लाख देतो. आकडा कमी फिरलेला असता तर तीन कोटीसुद्धा मिळाले असते." त्याने खिडकीतून डोकावून मीटर पाहिलं. एक्याण्णव हजार चारशे किलोमीटर. "सांगा, कधी पाठवता लेकीला सासरी?"

गाडीला लेक म्हणायचं आणि गाडी विकली की लेक सासरी पाठवली म्हणायचं, ही तिकडच्या गाडीवेड्यांची बोली. कोगुरेही तसंच बोलायचा. पण त्या दिवशी त्याच्या मनात खरी लेक होती. नात्सुहो बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. जावई नागोयात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होता. गाडीच्या पैशात पोरीचं स्वतःचं घर होईल, असा त्याचा सरळ विचार होता.

"कागद तयार कर," तो म्हणाला. "मग बघू."

कागद घेऊन तादोकोरो परत आला तेव्हा थंडी आणखी वाढली होती. त्याने दार उघडलं, आत बसला आणि सीटवरून हात फिरवू लागला.

"साहेब, मागच्या वेळी या सीटला शिवण उसवलेली होती ना? डाव्या अंगाला?"

"होती की."

"आता नाहीये."

कोगुरेने वाकून पाहिलं. शिवण धड होती. दोराही जुनाच दिसत होता, कोणी नव्याने शिवलेला नव्हता. त्याची नजर मीटरवर गेली. नव्वद हजार सहाशे.

तादोकोरोने दार हळूच लावलं. "मी काही विचारत नाही हं. भाव वाढेल एवढंच सांगतो."

"ए शहाण्या!" कोगुरे भडकला. "जन्मभर मी असले मीटर फिरवणारे पकडलेत. मला शिकवतोस?"

दलाल गेल्यावर त्याने हत्यारांची पेटी आणली. मीटरमागचे स्क्रू उघडले, वायर तपासली, दातेरी चाकं तपासली. कारखान्याचं सील जसंच्या तसं होतं. स्क्रूंच्या खाचांत धूळ बसली होती. हात लागलेला नव्हता. त्याला आधी राग आला आणि मग वाटलं, चोर सापडला असता तर बरं झालं असतं.

घरात मित्सुए लेकीच्या पोटाला पट्टा बांधत होती. पाचव्या महिन्यात देवळातून आणलेला, पांढऱ्या सुती कापडाचा लांब पट्टा. रोज सकाळी आईनेच बांधायचा.

"काय गं, जेवतेस की नाही?" मित्सुए पुटपुटत होती. "सोमवारी चार वेढे बसत होते. आज पाच बसले, तरी टोक लोंबतंय."

"आई, तू उगाच घट्ट आवळतेस," नात्सुहो हसली.

कोगुरेने तिच्याकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे पाहिलं. मग तो पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी पार्सलवाला आला. दारातून त्याने नात्सुहोचं सासरचं आडनाव घेऊन हाक मारली, "मियाजिमा आहेत का?"

नात्सुहोच दारात गेली. "घर चुकलात तुम्ही," ती गोड आवाजात म्हणाली. "इथे कोगुरे राहतात."

"अगं, तुझंच आहे ते!" मित्सुए आतून ओरडली. "जावईबापूंनी पाठवलंय!"

"कोणी?" नात्सुहोने विचारलं. थट्टा वाटली असती, पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

कोगुरे तडक शेडमध्ये गेला. एकोणनव्वद हजार आणि थोडे. बॉनेटवर हात ठेवला तर ते कोमट होतं. गाडी महिनाभर सुरू झालेली नव्हती. तो हात तिथेच ठेवून उभा असताना आत खुट् करून आवाज झाला. मीटरचं शेवटचं चाक मागे पडलं. थोड्या वेळाने पुन्हा खुट्.

भर दुपार होती, शेजारी कोणीतरी वाळत घातलेले मुळे काढत होतं.

त्याने विचार केला नाही. किल्ली फिरवली आणि गाडी बाहेर काढली. वळणांनी डोंगर चढला, तळ्याला वळसा घातला, खाली उतरला, पुन्हा चढला. मीटर पुढे जात होतं. प्रत्येक आकडा पुढे पडला की तो मोठ्याने म्हणायचा, "चल बाई, चल." रस्त्यात तादोकोरोचा फोन आला.

"साहेब, गावात कोणीतरी सांगितलं, गाडी रस्त्यावर आहे! अहो, प्रत्येक किलोमीटरला हजारो येन जातायत तुमचे!"

"जाऊ देत," कोगुरे म्हणाला आणि फोन ठेवला.

घरी आला तेव्हा नात्सुहो फोनवर नवऱ्याला झापत होती. "पाळणा अजून आणला नाहीस? मी काय पोराला खोक्यात निजवू?" तिचा हात मोठ्या थोरल्या पोटावर होता. कोगुरे पायरीवरच बसला आणि रडला. म्हातारपणी असं रडू येतं, असं मित्सुएला वाटलं असावं. तिने त्याला टॉवेल आणून दिला.

मग तो रोज चालवू लागला. दिवसभर चालवायचा, आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली की चालवलं त्याहून जास्त ती मागे घ्यायची. पाठ मोडली, डोळे सुजले. एकदा घाटात डुलकी लागली आणि चाक कठड्याला घासलं. घरी आला तर नात्सुहोच्या घोट्याला खरचटलं होतं. "कशाला लागलं कोण जाणे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी त्याने मित्सुएला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"तेव्हाच म्हटलं होतं, दोन पाकिटं द्या."

"कसली पाकिटं?"

"विसरलात? पोर महिन्याची झाली म्हणून देवळात नेली आणि त्याच फेरीत, तिच्या जन्माच्या दिवशीच आणलेल्या नव्या गाडीवरही मंत्रपाणी करून घेतलंत. दोन दक्षिणा द्यायच्या तर तुम्ही सगळं एकाच पाकिटात उरकलंत. पुजाऱ्याने विचारलं, कोणासाठी? तर तुम्ही छाती फुगवून म्हणालात, आमच्या लेकीसाठी. तो बिचारा एकदाच मंत्र म्हणाला. कोगुरेंची लेक अशीच नवी राहो, म्हणाला."

"बोलायची पद्धत आहे ती, मित्सुए."

"तुमची असेल. त्याला काय माहीत!"

कोगुरेने गाडीचं नोंदणीपत्र काढून समोर ठेवलं. मग त्याच्यातला तपासनीस जागा झाला. गाडी म्हणजे काय? नंबर, नाव, शिक्का. नाव बदललं की जुन्या मालकाचा संबंध संपला. दंडसुद्धा त्याला येत नाही. "विकून टाकतो," तो म्हणाला. "तिच्यावर दुसऱ्याचं नाव चढलं की ती कोगुरेंची लेक उरणार नाही. सुटलो."

मित्सुए त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, नात्सुहोवर मियाजिमांचं नाव चढलं. म्हणून ती तुमची लेक उरली नाही का?"

"ते वेगळं," तो खेकसला. त्याला फार भीती वाटत होती, आणि भ्यालेल्या माणसाला कोणी अडवलेलं आवडत नाही.

विकायच्या आधी त्याने चार दिवस-रात्र गाडी शेडमध्ये न लावता समुद्रापर्यंत फेऱ्यांमागून फेऱ्या मारून पिदडली. मीटर ब्याण्णव हजारांवर नेऊन ठेवलं. तेवढी शिल्लक असू दे, असा त्याचा हिशेब. सकाळी तादोकोरो वाहक ट्रक घेऊन आला. मीटर बघून कपाळाला हात लावला, तरी सह्या झाल्या. नाव बदललं. गाडी ट्रकवर चढताना नात्सुहो खिडकीत उभी होती, पोटावर हात धरून. "बाबा, रडू नका हं," ती म्हणाली. "नांदेल छान."

ट्रक वळणाआड गेला. काहीच झालं नाही. वाराही पडला होता. नात्सुहो पोटभर जेवली आणि शेजारच्या खोलीत कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या, गोधडीत पाय घालून आडवी झाली. कोगुरेने कितीतरी दिवसांनी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. मग मित्सुएने रात्रीचे तांदूळ धुऊन गॅसवर चढवले आणि ती लेकीजवळ जाऊन बसली.

दुपार कलताना फोन वाजला.

"साहेब, योकोहामाहून बोलतोय." तादोकोरोचा आवाज बारीक झाला होता. "धक्क्यावर आहे. गाडी उतरवली आत्ताच. तुम्ही काय केलंत हिला?"

"काय झालं?"

"रंग... अहो, शोरूममधून आणल्यासारखी दिसतेय. आतून नव्या रबराचा वास येतोय. मीटर एकतीस हजार होतं मघाशी. आता बारा. मी बघतोय आणि ते पडतंय. हे बघा, आता चार हजार!"

कोगुरेने शेजारच्या खोलीच्या सरकत्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं.

"चालव," तो म्हणाला. "तादोकोरो, बस आणि चालव तिला. आत्ता!"

"कशी चालवू? पेट्रोल काढून घेतलंय. जहाजावर चढवायचं म्हणजे टाकी रिकामी करावीच लागते."

"मग ढकल! चार माणसं घे आणि ढकल! अरे, माझी पोर आहे ती!"

"माहितेय हो, लेक आहे तुमची," तादोकोरो समजुतीने म्हणाला. "पण आता ती सासरची ना? आणि ढकलू कशाला? चार कोटी झाले हिचे. थांबा. नव्वद. नुसते नव्वद किलोमीटर."

दाराआड तान्हं बाळ रडलं.

दार सरकलं. मित्सुए बाहेर आली. केस तेच, पांढरे. हातात मऊ कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ती ते झुलवत होती.

"हळू बोला की जरा," ती कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागतोय. आणि नाव ठरवलंत का? शेजारचे विचारत होते."

"नात्सुहो," कोगुरे म्हणाला. मग ओरडला. "नात्सुहो! नात्सुहो नाव आहे तिचं!"

"सात," फोन म्हणाला.

त्याने बोट पुढे केलं. चिमुकल्या मुठीने ते पकडलं. मूठ गरम होती, ओलसर होती आणि पकड चांगली घट्ट होती.

"तीन."

"धर, बाळा," तो म्हणाला. "धरून ठेव."

फोनमध्ये समुद्रपक्षी ओरडत होते. तादोकोरो काहीतरी बोलला, ते त्याला ऐकू आलं नाही.

त्याचं बोट गार पडलं.

मित्सुए समोर उभी होती. दोन्ही हात कोपरात दुमडलेले, छातीशी. रिकामे. अजून किंचित झुलत होते.

"कोणाचा फोन हो?" तिने विचारलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "हात का असे भरून आलेत गं बाई माझे," ती म्हणाली, आणि भाताखालचा गॅस बंद करायला आत गेली.