मागच्या खोलीची काच

माझा साडू काचा बसवतो. खोटं बोलायची त्याला सवय नाही, आणि कल्पनाशक्ती तर देवाने त्याला दिलीच नाही. म्हणून हे तुम्हाला सांगतोय. मधे कुणी खिदळायचं नाही.

गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. संध्याकाळी सातला त्याला एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. मागच्या खोलीच्या दाराला दुधी काच होती. ती काढून साधी, आरपार दिसणारी बसवायची. आजच. साडू काच कापून, कागदात गुंडाळून पावणेआठला पोचला.

"चांगली आहे की काच, काकू. कशाला बदलता?"

बाई म्हणाल्या, "हे दोन वर्षं आत अंथरुणाला खिळून होते. गेले त्या रात्री उठून दारापर्यंत आले. मी इथेच, टीव्हीसमोर. काचेत पांढुरकं काहीतरी दिसलं. वाटलं, पडदा हलत असेल... चेहरा दिसला असता तर उठले असते हो मी."

साडू कामाला लागला. काच धरणाऱ्या पट्टीचे तीन खिळे निघाले. चौथ्याला पकड लावली आणि काचेमागे काहीतरी हललं.

खुंटीवरचा शर्ट असेल, त्याला वाटलं. दुधी काच उजेड पलीकडे सोडते, पण विस्कटून. लांबची वस्तू म्हणजे नुसता डाग. जवळ येईल तशी तिला कड येते. काचेला टेकली, की लख्ख.

डागाला कड येत होती.

"काकू, आत कोण आहे?"

"कुणी नाही."

खांदे दिसले. मग हात. मग पाच बोटं... काचेला टेकलेली. नखंसुद्धा दिसत होती.

पकड खाली पडली. साडू दोन पावलं मागे सरला.

बाई मात्र उठल्या.

"अहो... थांबा. उघडते."

कडी काढली.

आत मिट्ट काळोख. दिवा लागलेलाच नव्हता. रिकामी कॉट. घडी केलेली चादर.

बाई उंबऱ्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बसवा आता."

त्याने नवी काच बसवली आणि घर गाठलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पुन्हा बोलावलं. खोलीच्या खिडकीतून आलेलं ऊन बंद दाराच्या नव्या काचेतून बाहेरच्या फरशीवर पडलं होतं. काच कोरी. साधा डाग नाही. फरशीवर मात्र पंजाची सावली.

त्याने काच दोन्ही बाजूंनी पुसली. मग दुसरी आणून बसवली. सावली तिथेच.

"राहू द्या," बाई हळूच म्हणाल्या.

जाण्याआधी, न राहवून, साडू आत गेला. दार लावून त्याने आपला हात काचेवर टेकवला, बरोबर त्या पंजाच्या जागी.

काचेतून बाहेर फरशीवर... दोन हातांच्या सावल्या दिसल्या.