रिकाम्या बाकांवरची वाफ

त्या रविवारी मी चर्चमध्ये लवकर गेले ती शेगडी पेटवायला. बादलीत कोळसा होता, खिशात काड्यापेटी, आणि डोक्यात एवढंच की तपासणीला येणाऱ्या साहेबाचे पाय गरम राहिले पाहिजेत. पाय गारठलेला माणूस कुणाच्या बाजूने लिहीत नाही.

आमचं गाव कारागंडा शहराच्या पलीकडे, उघड्या माळावर. झारच्या काळात आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी हे चर्च बांधलं. मधे त्याचं धान्याचं कोठार झालं, मग क्लब, मग पुन्हा चर्च. आता बिल्डरला त्या जागी उंच इमारत हवी होती. वर्षभर आम्ही भांडलो. पाडायला आलेल्या मशीनपुढे खुर्च्या टाकून बसलो. शेजारची बातिमा मुसलमान, पण तीही चहाचा सामोवार घेऊन आमच्यात येऊन बसली. म्हणायची, "मिलिटा, तुमचा देव माझ्या खिडकीतून दिसतो. त्याच्या जागी मला कुणाची बाल्कनी नको." शेवटी नगरपालिकेने ठरवलं की चर्च खरंच चालू आहे का, हे एक माणूस येऊन बघेल. रविवारी भरलेलं दिसलं तर राहील, नाहीतर पाडायचं.

भरणार कुठून? आमची माणसं केव्हाच जर्मनीला निघून गेली, माझा भाऊसुद्धा. उरलो नऊजण, आणि नऊजणांत मिळून धड गुडघे चार.

माझं भांडण भिंतींसाठी नव्हतंच. युद्धाच्या वर्षी आम्हा जर्मनांना व्होल्गाकाठून उचलून गुरांच्या डब्यांतून इकडे आणलं. वाटेत जो मरेल त्याला गाडी थांबेल तिथे बर्फात ठेवून पुढे जायचं. माझी थोरली बहीण ओलिंडा तशीच गेली, चार वर्षांची. मी नंतर जन्मले. अशांना कबर नाही. म्हणून आमच्यात प्रत्येक घर आपल्या बाकावर त्यांची जागा मोकळी सोडून बसतं. आई मरेपर्यंत एका कडेला सरकून बसायची, तिच्यानंतर मी. चर्च पडलं तर ओलिंडाने बसायचं कुठे, एवढाच माझा प्रश्न होता.

शेगडी काही पेटेना. सगळा धूर आतच. बाहेर जाऊन पाहते तर रात्रीतून कुणीतरी धुराडं कापून नेलेलं. त्यात बर्फाचं वादळ सुटलं. बातिमा सगळी गल्ली घेऊन बाक भरायला येणार होती, पण तिकडे बर्फाने दारंच उघडत नव्हती. वीज गेली. खिडक्या बर्फाने लिंपल्या, आणि भर सकाळी आत दिवेलागणीसारखा अंधार झाला. बाकीचे आठजण कसेबसे पोहोचले आणि आम्ही कोट-टोप्यांसकट आपापल्या जागी गेलो. म्हातारा वेंडेलिन कुजबुजला, "आज आपण त्या साहेबापुढे नागडेच, मिलिटा." मी म्हटलं, "या थंडीत नको."

साहेब आला. तुलेगेन त्याचं नाव, तिशीतला, भुवयांपर्यंत बर्फ. मागे दाराशी उभा राहिला. आमच्याकडे पाद्री नाही, प्रार्थना मीच वाचते, त्यामुळे माझं तोंड बाकांकडे असतं. पण त्याच्याकडे बघायचा धीर होईना. मान खाली घालून वाचायला लागले.

आधी लाकूड कुरकुरलं. शेवटच्या ओळीत, मग मधल्या, मग पुढच्या. जड कपड्यातला माणूस टेकताना बाक जसा कण्हतो तसं. मग वास आला. ओल्या मेंढीच्या कातड्याचा, कुजक्या गवताचा, इंजिनाच्या धुराचा. मी मान वर केली.

थंडीत तोंडातून वाफ निघते. आमच्या तोंडांतून निघत होती… आणि रिकाम्या बाकांवरूनही निघत होती. ओळीमागून ओळ, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, श्वासागणिक येत-जात. कुठे कुठे अगदी खालून, मुलांच्या उंचीवरून. गाणं सुरू झालं तेव्हा ती आमच्याबरोबर लांबली, आमच्याबरोबर थांबली. आवाज मात्र आमचेच, म्हातारे, फाटके.

माझ्या बाकावर, मोकळ्या सोडलेल्या जागेतून, एक बारीकशी वाफ निघत होती.

 खरं सांगते, भीतीहून जास्त राग आला. आयुष्यभर तुझ्यासाठी सरकून बसले, आणि तू मला चेहराही दाखवत नाहीस?

प्रार्थना संपली. तुलेगेन टोपी हातात घेऊन माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"आपा, मला सांगितलं होतं आठ-दहा म्हातारे असतील. इथे तर उभं राहायला जागा नव्हती…"

 त्याला दिसले होते. आम्हा नऊजणांतल्या कुणाला नाही, पण त्याला दिसले होते, आणि लिहायचं त्यालाच होतं. वाचलो, असं मी मनात म्हटलं.

मग त्याने पायाखाली बोट दाखवलं. "फळ्या दबत होत्या, आपा. तुम्ही वाचत होता, तुम्हाला कळलं नसेल. आठ-दहाच माणसं असती तर मी डोळेझाक केली असती, तुमच्यासाठी खोटंही लिहिलं असतं. पण एवढी गर्दी, एवढी मुलं… उद्या छत खाली आलं तर? मलाही दोन पोरी आहेत."

दार आजच बंद करावं लागेल, असं तो खाली बघत म्हणाला. माणूस वाईट नव्हता. बाकांवर कुणी नव्हतंच, असं सांगावं तर चर्च ओस म्हणून जाणार. गप्प बसावं तर गर्दी म्हणून. मी एवढंच विचारलं, "पुढच्या बाकावर, माझ्या जागेशेजारी… कोण बसलं होतं?"

"तुमची नात ना ती? तिला बूट घालत जा, आपा. या थंडीत अनवाणी…"

ओलिंडाचे बूट आईने काढून घेतले होते. जिवंत पोरांना लागणार होते. पुढे ते मीच वापरले.

काही दिवसांतच चर्च पाडलं. या वेळी आम्ही खुर्च्या टाकल्या नाहीत. नुसते उभे राहिलो, आणि भिंती बसल्या तेव्हा वेंडेलिनने माझा हात धरला. मग एकटीच घरी निघाले.

माझ्या फाटकाशी बातिमा ताजी रोटी फडक्यात गुंडाळून उभी होती. तिने फाटक उघडून धरलं. मी आत आले तरी ती ते सोडेना.

"लाव ना. वारा येतोय."

"थांब जरा," ती हळूच म्हणाली. "माणसं येतायत अजून."

मी वळून पाहिलं. मोडलेल्या भिंतींपासून फाटकापर्यंत बर्फावर फक्त माझी पावलं होती. बातिमाची नजर मात्र एकेकाबरोबर सरकत होती. मधेच कुणा वडीलधाऱ्यासाठी तिने छातीवर हात ठेवून मान लववली. बराच वेळ गेला. मग तिने कडी लावली, रोटी माझ्या हातात दिली आणि चहाला न थांबता निघून गेली.

माझी खोली एकच. तेव्हापासून मी भिंतीला धरून चालते, अंथरूण कडेला घालते. रात्री लाकूड कुरकुरतं, मग शांत होतं.

बर्फ वितळलं की ही गल्लीही पाडणार आहेत. कालच फाटकांवर लाल रंगाने फुल्या मारून गेले. बातिमा मुलीकडे जाईल, मी जर्मनीला भावाकडे.

खोलीतल्या माणसांना मी अजून काही सांगितलेलं नाही.