पत्रकाची कोरी बाजू

"इथं नानांचं नाव लिही," म्हणत विवेकनं लेकीच्या, उपासनाच्या हातून शाळेचा फॉर्म ओढला आणि तिनं लिहिलेल्या 'धर्मराज' या नावावर काट मारली, तेव्हा ते पेन समोर बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या काळजावरूनच फिरलं...

२००७चा नोव्हेंबर. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या शाळेत व्हेटरन्स डेला, म्हणजे माजी सैनिकांच्या दिवशी, घरातल्या एका जुन्या सैनिकाची ओळख करून द्यायची होती. महायुद्धात अमेरिकेच्या मूळनिवासी शिपायांना त्यांच्याच फौजेनं जपानी समजून पकडलं होतं, हे वाचून उपासना उड्या मारतच आली होती. "डॅड, सेम ॲज आबा!"

विवेकचा आवाज चढला. नाना, म्हणजे आईचे वडील, हवालदार होऊन सन्मानानं निवृत्त झाले, त्यांनीच आपल्याला शिकवलं, आणि बाप? खिशात जपान्यांची फितुरीची पत्रकं सापडली म्हणून पलटणीतून हाकललेला! गावात 'हेराचं पोर' म्हणून ऐकलं तेवढं पुरे झालं.

धर्मराज गप्प. त्रेसष्ट वर्षं तो गप्पच होता! पण विवेकच्या आईनं, रमाबाईंनी, लाटणं खाली ठेवलं.

"त्या पत्रकांची मागची बाजू कोरी होती, विवेक. हे त्यावर अक्षरं गिरवायचे. शिकवायचं कोण? तुझे नाना. पहारा सोडून."

महार पलटणीतला पोरगा ब्रह्मदेशाच्या जंगलात शत्रूच्या कागदावर ग-म-भ-न गिरवतोय, हे कुठल्या साहेबाला पटणार होतं? शिकवणाऱ्याचं नाव घेतलं असतं तर धर्मराज सुटला असता... आणि नाना तुरुंगात गेले असते. त्यानं नाव घेतलं नाही. नानांनी पुढे आपली लेक त्याला दिली, पण जगापुढे तोंड मात्र जन्मभर उघडलं नाही!

विवेक बापाच्या पायाशी बसला. "मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"तुझ्यापाशी एकच मोठा माणूस होता रे. तोही कसा काढून घेऊ?"

विवेकनं त्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला...

शुक्रवारी शाळेच्या भरल्या हॉलमध्ये विवेकनंच माइक घेतला, नानांसकट सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "हे माझे वडील. शिपाई धर्मराज."

शिपाई! पलटणीतून हाकलल्यापासून हा शब्द त्याच्या नावाआधी कुणी लावला नव्हता. म्हातारा उठला, सावधान उभा राहिला. हॉलभर टाळ्या झाल्या, थांबल्या, विवेकनं दोनदा हळूच "बाबा, बसा आता" म्हटलं... तरी बसेना.