सोफ्याखालचा डाग

त्याची माझी टक्कर झाली ती जिन्यात, एका गुंडाळलेल्या गालिच्यामुळे. तो गालिचा खांद्यावर घेऊन खाली निघालेला, मी वाफेचं मशीन घेऊन वर. तिसऱ्या मजल्यावरचा एक सोफा धुवायचा होता मला. पण गालिचा नाकाजवळून गेला आणि माझे पाय तिथेच थांबले.

“बोका ना?” मी विचारलं.

तो दचकला. “तुम्ही... ओळखता त्याला?”

“त्याला नाही, त्याच्या कर्तबगारीला. फेकायला निघालात?”

“मग काय, फ्रेम करून भिंतीवर लावू?”

मला खुदकन हसू आलं. लाडक्या जनावरांनी घरभर केलेले डाग आणि त्यांचा वास काढणं हाच माझा धंदा. लोक बिचारे लाजून, आडून आडून बोलतात. हा मात्र भलताच मोकळा निघाला. गालिचा मी त्याला परत वर न्यायला लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या दारात हजर!

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. घरात दादा, वहिनी आणि बोका. बोक्याला सगळे साहेब म्हणत, कारण तो कुणाचंच ऐकत नसे. वहिनीला दिवस गेले होते आणि त्या वासानं तिला सतत मळमळायचं.

“महिन्याभरात वास गेला नाही, तर साहेबांची बदली,” तो म्हणाला. “दादाचा हुकूम आहे.”

सूर थट्टेचाच होता. पण बोलता बोलता त्यानं बोक्याला उचलून छातीशी धरलं. ते मी तेव्हाच नीट पाहायला हवं होतं.

मी पडदे ओढले आणि जांभळ्या उजेडाची टॉर्च लावली. त्या उजेडात वाळलेले डाग चमकतात. पांढरे कपडेही चमकतात. अंधारात त्याची कॉलर आणि दात तेवढे दिसत होते.

“माझ्यावर कुठे डाग दिसतोय का?”

“तपासावं लागेल,” मी बोलून गेले... आणि अंधार होता म्हणून वाचले, नाहीतर माझे लाल झालेले कान त्याला दिसले असते.

गुडघ्यांवर रांगत आम्ही खोली पालथी घातली — टॉर्च एक, डोकी दोन. दिसेल त्या डागावर मी औषध ओतलं आणि वर ओलं फडकं अंथरलं. ते औषध तासन्‌तास मुरावं लागतं. नुसत्या सुवासिक साबणानं माणसाचं नाक फसतं, बोक्याचं नाही. जुना वास आला की तो पुन्हा त्याच जागी जातो. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगते.

सोफ्याखाली, मागच्या पायाशी, गालिच्यावर तळहाताएवढा एक डाग होता. तो चहा टाकायला आत गेला होता. मी त्या डागावर औषध ओतलं नाही. साबणाचं फडकं फिरवलं आणि सोफा जागेवर सरकवला.

का? तर आठ दिवसांनी त्याचा फोन यावा म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

फोन आला. पुन्हा पडदे, पुन्हा टॉर्च, पुन्हा चहा. या वेळी त्यानं माझेही डोळे तपासले.

“जवळचं जरा कमी दिसतंय तुम्हाला.”

“इतकं जवळचं दिसतंय की...” मी म्हणाले. तो आपला चष्मा पुसत बसला, जरा जास्तच वेळ.

निघताना म्हणाला, “साहेबांना ही शेवटची संधी आहे हं.” मी हसले. सोफ्याखालचा डाग त्याही दिवशी मी तसाच सोडला होता.

महिना उलटल्यावर पुन्हा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. मी मात्र नवा ड्रेस घालून गेले. कोपऱ्यातली बोक्याची टोपली दिसेना.

“साहेब कुठायत?”

“दादानं त्याला गावाबाहेर, मित्राच्या गोदामात नेऊन ठेवलं. दुसऱ्याच दिवशी तो तिथून पळाला. चार दिवस शोधतोय मी...” त्यानं गालिच्याकडे पाहिलं. “वहिनी म्हणते, निदान आता तरी वास जाऊ दे. तुम्ही तरी किती मेहनत करणार? काही डाग जातच नसतील.”

गप्प बसले असते, तर निभावून गेलं असतं. पण त्यानं माझ्या मेहनतीचं कौतुक केलं आणि माझ्यानं राहवेना.

“हा डाग पहिल्याच दिवशी गेला असता. मी... जाऊ दिला नाही.”

सोफा सरकवून मी टॉर्च लावली. “दोन्ही वेळा मुद्दाम सोडला. तुम्ही पुन्हा बोलवावं म्हणून. मला तुम्ही आवडता.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी हे कुणाला सांगत होते, आणि तेही बोक्याच्या डागावर टॉर्च धरून. रडू येत होतं आणि स्वतःची भयंकर लाजही वाटत होती.

तो डागापाशी उकिडवा बसला.

“मी काम संपायची वाट बघत होतो,” तो म्हणाला. “कामावर आलेल्या बाईला असलं काही विचारणं बरं दिसत नाही. काम संपलं की विचारायचं, असं ठरवलं होतं.”

मी घाईघाईनं औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं. त्यानं माझं मनगट धरलं. त्याचा हात मला लागला तो एवढाच.

“नको. राहू दे तो. घरात चालणार नाही, पण हा गालिचा मी दुकानाच्या दाराशी अंथरतो. बोका परत आलाच... तर वासावरून ओळखेल.”

मी बाटली बंद केली, मशीनची वायर गुंडाळली. तो दारापर्यंत आला.

“संपलं तुमचं काम,” तो म्हणाला.

मी चपला घालायला उगाच वेळ लावला. पट्टा लावला, सोडला, पुन्हा लावला. तो तिथेच उभा होता, पण त्यानं काहीच विचारलं नाही.