शेवट सांगायचा नाही

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये माणसं चारच, पण सोमवारी दुपारी एक ते दोन चौघांची तोंडं अखंड चालायची. आधी जेवणावर, मग सिनेमावर. साचे ओतणारा पहिलवान, मेणात दात बसवणारी वहिनी, सगळ्यांवर डोळा ठेवणारे मास्तर आणि तयार कवळीला घासूनपुसून चकाकी आणणारा जाणकार. ही नावं कुठल्याच कागदावर नव्हती, पण मालकसुद्धा त्याच नावांनी हाक मारायचे.

आठवड्यात जो सिनेमा पाहिला असेल त्याबद्दल प्रत्येकानं आपलं मत द्यायचं, असा त्यांचा रिवाज होता. आवडला, नावडला, कोणी काम बरं केलं, कुठे झोप लागली, काय वाटेल ते बोलावं. फक्त शेवट सांगायचा नाही. जो सांगेल त्यानं आठवडाभर चौघांचे डबे घासायचे. हा नियम जाणकारानंच घातला होता. मास्तरांनी एकदा घास चावता चावता खुनी कोण ते सांगून टाकलं, तेव्हा हा पठ्ठ्या दोन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हता.

आता खरं सांगायचं तर जाणकारानं दोन वर्षांत एकही सिनेमा पाहिला नव्हता. ताईची नजर गेल्यापासून त्याला वेळच नव्हता. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, त्याच्यापायी लग्नाचा विषय टाळत राहिली, आणि साठीला आली तेव्हा साखरेनं तिचे दोन्ही डोळे नेले. आता तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती दिवसभर एकटी असायची आणि कामावर बसल्या बसल्या ह्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा. तिला काही झालं तर आपल्याला जगात कोण आहे, हा विचार तो दिवसातून दहा वेळा करायचा आणि दहाही वेळा झटकून टाकायचा. लॅबमध्ये ह्यातलं त्यानं चकार शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला कुणाची कीव नको होती. आणि 'जाणकार' हे नावही सोडवत नव्हतं. तेव्हा बसमध्ये फोनवर चार परीक्षणं वाचायची, त्यावर आपलं तिखटमीठ लावायचं आणि वेळ मारून न्यायची. शेवट सांगायचा नसल्यामुळे थाप पचवणं अगदी सोपं होतं.

त्या आठवड्यात मात्र ताई तापानं फणफणली होती आणि फोन हातात घ्यायलाही फुरसत मिळाली नव्हती. सोमवारी त्याची पाळी आली. तिघंही घास थांबवून बघायला लागले.

"पाहिला एक," तो म्हणाला. "भाऊ आणि बहीण. तिसरा मजला. बहिणीला दिसत नाही. भाऊ रोज तिला घरात ठेवून कामावर जातो."

"मग?" पहिलवान म्हणाला.

"मग काय, तेच. संथ आहे. पण बाई फार गुणी आहे. भाऊ नुसता ठोकळा."

"मारामारी?"

"नाही."

"मग काय बघायचं त्यात, भिंती?" पहिलवान म्हणाला, आणि सगळे हसले. जाणकारही हसला. डबा धुताना मात्र त्याला उगाच अपराध्यासारखं वाटलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडल्यासारखं.

पुढच्या सोमवारी वहिनी खुशीत होती. "तुमचा तो भावाबहिणीचा पाहिला बरं का! दुपारच्या खेळाला. थेटरात पाच-सहाच माणसं होती."

चोराच्या वाटा चोराला ठाऊक, जाणकार मनात म्हणाला. म्हणजे हीसुद्धा आपल्यातलीच निघाली. त्याला गंमत वाटली. "हो का? काय आवडलं?"

"सकाळी निघताना तो स्टुलावर पाण्याचा पेला ठेवतो ना," वहिनी म्हणाली, "आणि तिचं बोट धरून पेल्याच्या कडेवर टेकवतो. मग स्वतःच म्हणतो, सापडला? आणि ती म्हणते, हरवला कधी होता? मला बाई रडूच आलं."

जाणकाराच्या हातातला घास हातातच राहिला. हे तो रोज करत होता. हेच शब्द, रोज. दार लावून घेतल्यावर, दोघांच्यात.

"कुठल्या थेटरात?" त्यानं विचारलं.

"अहो, नेहमीच्याच. तुम्ही नाही का तिथंच पाहिलात?"

संध्याकाळी तो बस सोडून तिकडे चालत गेला. बाहेरच्या चित्रांत असला कुठलाच सिनेमा नव्हता. फरशीवर नुकतं फिनेल फिरवलेलं होतं आणि तिकीटखिडकीपाशी कुणीच नव्हतं. त्यानं वाकून विचारलं, भावाबहिणीचा कुठला सिनेमा लागलाय का. आतल्या माणसानं मान वर केली, त्याच्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं आणि ओळखीचं हसला.

"तुम्हाला कशाला हो तिकीट?" तो म्हणाला.

जाणकार मागे फिरला. रस्ता ओलांडून पलीकडे पोचला तेव्हा आपण धावत होतो हे त्याच्या लक्षात आलं.

तिसऱ्या सोमवारी मास्तरांनी आणि पहिलवानानं दोघांनीही तो पाहिलेला होता. मास्तरांना आवडला होता. मध्यंतरापर्यंत जरा लांबलाय म्हणाले, पण घर कसं खरं वाटतं, न्हाणीघराच्या दाराला खालून पत्रा मारलाय तोसुद्धा गंजका. पहिलवानानं आधी नाकं मुरडली, मग म्हणाला, "पण तो दुधाचा सीन भारी हां. दूध उतू जातं, तो तिच्या अंगावर ओरडतो, तुला साधं दूध बघता येत नाही का म्हणून. आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळतं. तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं राव."

"असलं काही नाहीये त्यात!" जाणकार ओरडला.

वहिनीनं डब्याचं झाकण लावलं.

"तू थेटरातून लवकर उठून आला असशील," मास्तर हळूच म्हणाले.

असलं काही झालेलंच नव्हतं. आयुष्यात तो ताईवर कधी ओरडला नव्हता, आणि घरी जाताना ह्याच गोष्टीचा त्यानं आधार धरला. पेला खरा, पत्रा खरा, पण हे खोटं. म्हणजे बाकीचंही काहीतरी जुळून आलेलं असणार.

बुधवारी संध्याकाळी तो शेजारच्या काकूंकडून किल्ली घेत होता. ताईनं त्याला चहा करावा म्हणून दूध तापत ठेवलं होतं. आत शिरला तर ओट्यावरून दूध खाली ओघळत होतं, गॅस विझला होता आणि वास घरभर सुटला होता. त्याचं डोकंच फिरलं. भीतीनंच फिरलं. "तुला साधं दूध बघता येत नाही का?" तो ओरडला.

वाक्य पुरं झालं आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. ताई हसली.

"बघता आलं असतं तर बघितलं नसतं का रे, बाळ्या?"

त्यानं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिच्यापाशी जमिनीवर बसून तो ढसाढसा रडला. ताईला वाटलं, ओरडल्याचं वाईट वाटलं असेल. ती त्याचं डोकं थोपटत राहिली. त्याच्या मनात मात्र एकच होतं. सिनेमा आपल्या पुढे चाललाय, आणि त्याला शेवट आहे.

दुसऱ्या दिवशी त्यानं लॅबमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या सगळं ओकून टाकलं. दोन वर्षं थापा मारल्या, बहीण आहे, आंधळी आहे, तिसरा मजला आहे, सगळं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणा, हसा, काय वाटेल ते करा, पण शेवट काय होतो ते सांगा.

कुणी हसलं नाही. कुणाला आश्चर्य वाटल्यासारखंही दिसलं नाही. पहिलवान पाण्यात प्लास्टर कालवत राहिला.

"नियम आहे बाबा," मास्तर म्हणाले.

"आग लागो त्या नियमाला! मी घासतो डबे! जन्मभर घासतो!"

"तूच घातलास ना तो?" मास्तरांचा आवाज इतका मऊ त्यानं कधी ऐकला नव्हता. "आम्ही आजवर मोडला नाही. आता कसा मोडायचा?"

त्यानं वहिनीचा हात धरला. तिच्या बोटांना गुलाबी मेण लागलेलं होतं. "वहिनी, तुम्हाला तुमच्या लेकरांची शपथ."

वहिनीचे डोळे भरून आले. "एवढंच सांगते," ती म्हणाली. "बाईचं फार वाईट वाटतं हो."

जाणकारानं तिचा हात सोडला. म्हणजे ताई. ताईलाच काहीतरी होणार.

"कधी? कुठल्या दिवशी?"

"सोमवार आहे ना तो?" पहिलवान बोलून गेला. "त्या दिवशी तो–" मास्तरांनी डोळे वटारले तसा तो खाली बघायला लागला.

सोमवार तर सोमवार. सोमवारी जाणकार कामावर गेलाच नाही. सकाळीच त्यानं गॅसची टाकी बंद केली, न्हाणीघर कोरडं करून घेतलं, पाय अडकेल म्हणून सतरंजी गुंडाळून ठेवली, सुऱ्या आणि कात्री कपाटात कोंबून किल्ली खिशात टाकली. डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. ताईची साखर तीनदा तपासली.

"अरे, मी काय आजच मरतेय का?" ताई म्हणाली. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की बरं झालं तिला दिसलं नाही.

एक वाजला. दोन वाजले. ताई पोटभर जेवली, झोपली, उठली. गेल्या कित्येक महिन्यांत तिचा चेहरा इतका तजेलदार नव्हता. साडेतीनला त्याचा जीव जरा भांड्यात पडला. न्हाणीघरात जाऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं.

बाहेर आला तर पलंग आणि टेबल भिंतीला सरकवलेले होते. मधली जागा मोकळी होती. भिंतीच्या कडेनं खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांच्या घरात दोनच खुर्च्या होत्या. ह्या सहा होत्या.

"काकूंनी दिल्या," ताई म्हणाली. "त्यांनीच मांडूनही दिल्या. लोक येतील ना."

"कुठले लोक?"

"तुझे लॅबमधले."

"त्यांना पत्ता कुणी दिला?"

"पत्ता कशाला? किती वेळा पाहिलंय त्यांनी हे घर."

ताईनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"परवा दुपारी मीही पाहिला रे. काकू घेऊन गेल्या."

"पाहिला म्हणजे?"

"पाहिला म्हणजे पाहिला. सगळा दिसला. तुझे केस किती पिकलेत रे! मला कल्पनाच नव्हती."

त्याचा मोकळा हात केसांवर गेला.

"छान आहे," ताई म्हणाली. "थोडा संथ आहे. पण तू म्हणतोस तसा तो भाऊ ठोकळा नाही हं. गुणाचा आहे अगदी. शेवटच्या दिवशी कामावरसुद्धा जात नाही, बहिणीला काही होईल म्हणून घरी बसतो. दिवसभर तिच्याकडेच बघत राहतो वेडा."

"ताई," तो म्हणाला. "ताई, शेवट काय होतो?"

तिनं त्याचा हात गालाला लावला. गाल ओला होता.

"काकू म्हणाल्यात, रोज येत जाईन," ती म्हणाली. "मला सवय होईल हळूहळू. तू माझी काळजी करू नकोस."

जिन्यावर पावलं वाजली. तीन-चार माणसं असावीत. सिनेमा सुटल्यावर बोलतात तशी हलक्या आवाजात बोलत वर येत होती.

दार लोटलेलंच होतं. आधी मास्तर आत आले, मग वहिनी, मग काकू, शेवटी पहिलवान. चौघांनी पायताणं बाहेर काढली होती.

मास्तरांची नजर रिकाम्या जागेवर गेली, मग जाणकारावर. ते ओशाळले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आपण जरा लवकर आलो वाटतं," ते वहिनीला म्हणाले.

मग सगळे खुर्च्यांवर बसले आणि हात मांडीवर ठेवून थांबले.